शांतवनकाकांचा पिवळा उजेड

शांतवनकाका बल्ब कानाला लावून विकत घेतात. दुकानदाराने पुठ्ठ्यातून बल्ब काढून दिला की तो डाव्या कानाशी धरायचा, दोन बोटांनी हळूच हलवायचा आणि कपाळाला आठ्या घालून आतल्या तारेचा आवाज ऐकायचा. पसंत पडला नाही तर परत.

"ही तार थकलेली हाये. दुसरा दाखवा."

"अहो काका, नवाकोरा आहे!"

"नवरदेव पण नवाकोराच असतो. म्हणून काय चौकशी न करता पोरगी द्यायची?"

हे सगळं फक्त पिवळ्या बल्बच्या बाबतीत, बरं का. म्हणजे तो जुना, पेरूच्या आकाराचा, पेटल्यावर हात लावला तर चटका देणारा. एलईडीला ते बल्ब मानतच नाहीत. त्याला ते 'सरकारी चांदणं' म्हणतात.

भिंगारला मी भाड्याने राहायला आलो, तेव्हा काकांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. लष्कराच्या एका कचेरीतून वायरमन म्हणून ते निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण मार्थाताई. ताई मिशनच्या शाळेत बाई होत्या. आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या, आणि काचबिंदूने दृष्टी गेलेली. 'गेलेली' मी म्हणतो. काकांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "गेली न्हाई, कमी झाली," ते लगेच दुरुस्ती करायचे.

आईबापांनी नाव शांतवन ठेवलं, पण कुणाचं सांत्वन करण्याचा काकांचा स्वभाव नव्हता. समोरच्याने वेडंवाकडं काही केलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "अक्कल अर्थिंगला गेली का?" नाताळात देवळात दिव्यांच्या सगळ्या माळा एकाच प्लगला जोडलेल्या पाहून त्यांनी हा प्रश्न थेट पाद्रीसाहेबांना विचारला होता. पाद्रीसाहेब शांतपणे म्हणाले, "चला, आपण प्रार्थना करू." काका म्हणाले, "करा. पण आधी प्लग काढा."

अशा माणसाच्या आयुष्यात सरकारने पिवळे बल्ब हळूहळू बंद करायचं ठरवलं. आधी त्या वळणावळणाच्या पांढऱ्या नळ्या आल्या, मग एलईडी आले, मग दुकानातली पिवळ्याची खोकी वरच्या फळीवर गेली आणि एक दिवस तिथूनही नाहीशी झाली. "कंपनी माल देत नाही काका," दुकानदार सांगायचा. काका त्याच्याकडे असे बघायचे, की जणू त्यानेच कंपनी बंद पाडली.

मग आमच्या गल्लीत योजनेची माणसं आली. जुना बल्ब द्या, स्वस्तात एलईडी घ्या. कामावर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने काकांना वीजबचत समजावून सांगितली. काकांनी निमूटपणे ऐकून घेतलं. वर तिचा एक आकडा चुकला होता तो सुधारूनही दिला. मग म्हणाले, "बाई, तुमचं सगळं बरोबर हाये. पण मी बल्ब देणार न्हाई."

गंमत पुढेच आहे. गल्लीतल्या लोकांना होल्डरमध्ये धड बल्ब बसवता येईनात, तेव्हा काकाच स्टूल घेऊन घरोघर फिरले आणि प्रत्येकाचं सरकारी चांदणं स्वतःच्या हाताने लावून आले. मी त्यांच्या घरी डोकावलो तर काय! स्वयंपाकघरात एलईडी, मोरीत एलईडी, पडवीत एलईडी.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? बिल काय तुम्ही भरणार?"

पिवळा फक्त एकच होता. मार्थाताईंच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी, पत्र्याच्या टोपीखाली चांगला खालपर्यंत टांगलेला. त्या एका होल्डरसाठी हा माणूस जिल्हाभर बल्ब हुडकत होता.

एकदा मलाही बरोबर नेलं. राजूरच्या बाजारात एका जुन्या दुकानात माल आहे, अशी त्यांना खबर लागली होती. एसटीने घाट चढून आम्ही गेलो. दुकानदाराने माळ्यावरून धुळीचं खोकं उतरवलं.

"घ्या बाबा. लई दिस पडून हायत. आता ह्ये कोन इचारीत न्हाई."

एकवीस बल्ब होते. काका दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकेक कानाला लावू लागले. बाजारकरी थांबले, घोळका झाला. शेवटी फेटेवाल्या एका आजोबांना राहवेना. त्यांनी वाकून विचारलं, "कोनतं ठेसन लागलंय, बाबा?"

काकांनी चौदा निवडले. परतीच्या वाटेवर खोकं स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. घाटात खड्डा आला की ते खोकं दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे आणि स्वतः मात्र आदळायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी नात्यातल्या एका लग्नासाठी काका श्रीरामपूरला गेले. जाताना मला बजावून गेले, "दिवेलागणीला ताईचा दिवा लावा. बाकी शेजारीण बघेल."

संध्याकाळी मी बटण दाबलं. बल्ब एकदा लखकन चमकला आणि उडाला. साठ्याच्या पेटीला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात. मी धावत जाऊन माझ्या घरचा एलईडी आणला आणि लावला. खोली लख्ख उजळली.

"दिवा नाही का लावला अजून?" ताईंनी विचारलं.

"लावला की, ताई."

त्यांनी चेहरा दिव्याच्या बाजूला वळवला. थोडा वेळ तसाच धरला. मग म्हणाल्या, "नाही. लागला नाही."

त्यांनी हाताने स्टूल चाचपून मला बसायची खूण केली.

"एक सांगते. शांतवनला सांगू नका. मला काहीच दिसत नाही. पिवळं नाही, पांढरं नाही. दोन वर्षं झाली. पण तो दिवा लागला की गालाला ऊब लागते. त्यावरून कळतं, लागला म्हणून. एकदा त्याने विचारलं, 'ताई, काही दिसतं का गं?' मी म्हटलं, 'पिवळा तेवढा दिसतो.' तर इतका मोठा माणूस, हमसून हमसून रडला हो आनंदाने. आता नाही कसं म्हणू?"

काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. दारातूनच पांढरा उजेड दिसला तसे थबकले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी मला दंडाला धरून ओट्यावर नेलं.

"ती काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हणालो. "पांढरा दिसत नाही म्हणाल्या. पिवळा तेवढा दिसतो."

काका एरवी कधी नसतो इतक्या हळू आवाजात म्हणाले, "तिला काही दिसत न्हाई. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं हुतं. ऊब लागते तिला, तेवढंच. उभा जन्म पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं तिनं. म्हातारपणी एकच खोटं बोलली, ते पण माझ्यासाठी. ते उघडं पाडू का मी?" आणि मग जरा दरडावून, "तिला बोलू नका काही."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

काकांनी पेटी उघडली. मी स्टूल धरलं, ते चढले. पिवळा उजेड खोलीत पसरला. ताईंनी मान जराशी कलती केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या.

"लागला बाई एकदाचा," त्या म्हणाल्या.

"दिसतो का गं?" काकांनी स्टुलावरूनच विचारलं.

"दिसतो की. स्वच्छ दिसतो."

"बरं," काका म्हणाले, आणि खाली उतरून ताईंच्या शेजारी बसले.