समोरासमोरचे नानाभाऊ

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी नानाभाऊंच्या विरोधात काही लिहिलं, तर त्यांचं उत्तर एका शब्दाचं असतं : ‘येतो.’ आणि ते खरोखर येतात. पाण्याच्या टाकीवरून मी एकदा सहज ‘मला पटत नाही’ असं टाकलं होतं. भाजीला फोडणी पडायच्या आत नानाभाऊ आमच्या सोफ्यावर होते.

“हां, आता बोला. तुमचं तोंड पाह्यल्याशिवाय मले कसं समजन, खरंच पटत नाई का नुसते बोटं चालवून राहिले?”

मला लगेच पटलं. त्यावर तेच नाराज झाले. “इतक्या लवकर? थोडं तं ताना राजेहो!”

नानाभाऊंनी आयुष्यभर अमरावतीच्या कोर्टात वकिली केली. लेखी वादाबद्दल त्यांचं मत ठाम आहे. “लेखी भांडनात मानूस जेवून येते, झोपून येते, बायकोले इचारून येते, अन् मंग उत्तर देते. याले काय वाद म्हनते?” माझं मत उलट. लिहिताना माणूस निदान आपलं वाक्य एकदा वाचतो, समोरच्याला मधेच तोडत नाही. हे मी त्यांना सांगायला लागलो, तर त्यांनी मला मधेच तोडलं.

त्यांना पुरून उरणारा माणूस एकच. मधुकरराव. शेंदूरजनाघाटच्या शाळेतले सोबती, आता अकोल्याला राहणारे निवृत्त मास्तर. पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराचं संत्रं गोड की थंडीत फुलणाऱ्या आंबिया बहाराचं, हा दोघांचा वाद शाळेपासून चालू आहे. नानाभाऊ मृगाचे, मधुकरराव आंबियाचे. दर रविवारी फोनवर त्याची सुनावणी व्हायची आणि भिंतीपलीकडे आम्हाला ती फुकट ऐकायला मिळायची.

यंदा ते रविवार बंद पडले. मधुकरराव फोनच उचलेनात. शाळेच्या ग्रुपवर मात्र आंबियाच्या बाजूनं लांबलचक लिहीत. नानाभाऊ वाचत आणि धुमसत. एकदा फाटकाशी उभे राहून म्हणाले, “मध्या मले टाळून राहिला. माह्याशी भांडनारा तोच एक तं हाये. तो गेला तं मी बोलू कोनाशी?”

आवाजात वकिली अजिबात नव्हती. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून अकोल्याला नेलं.

मधुकररावांनी दारातच मिठी मारली. नानाभाऊ खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाले. मृगाचा रस, मृगाची साल, मृगाचा रंग. मधुकरराव हसत मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, “बरोबर हाये तुह्यं.”

नानाभाऊ आता खुर्चीत टेकले. जन्माचा वाद जिंकला होता आणि तोंड उतरलं होतं. मग त्यांनी साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसं, त्याच आवाजात विचारलं, “मध्या, आंबियाच गोड ना?”

“बरोबर हाये तुह्यं,” मधुकरराव तसेच हसत म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी हळूच म्हणाल्या, “भाऊजी, दिवाळीपासून ह्यायले ऐकूच येत नाई. तुमाले सांगू देत नाई. म्हनते, नान्याले समजलं तं तो कीव करन, अन् भांडनच सोडून देईन.”

नानाभाऊंनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा सारखा केला आणि एका बोटानं अक्षरं शोधू लागले. बराच वेळ गेला. मग मधुकररावांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी वाचलं : ‘आंबिया म्हंजे नुसतं पानी. तुले चवच नाई.’ त्यांनी नानाभाऊंकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. तरी मोठ्यानं ओरडले, “साफ खोटं!” आणि उत्तर लिहायला खाली वाकले.

उन्हं उतरल्यावर मी नानाभाऊंना म्हटलं, निघू या. त्यांनी मान वर केली नाही.

“तुमी निंघा,” ते म्हणाले. “मध्या लिहून राहिला.”