तिसऱ्या रांगेतली टेस्ट ड्राइव्ह

“वहिनींना कशाला आणलंस रे दादा? रंग तर विचारायचा होता. फोटो पाठवला असता तरी चाललं असतं.”

भावजी हे पुटपुटले. म्हणजे त्यांच्या मते पुटपुटले. दोन सीटांच्या मधून त्यांनी डोकं पुढे काढलं होतं आणि ते डोकं माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. वळून एक कटाक्ष टाकावा असं फार वाटलं, पण टाकता येईना. गाडी मी चालवत होते.

शेजारी बसलेल्या यांनी नुसतं “हं” केलं. यांच्या “हं”चे दोन अर्थ होतात. ‘तुझं खरं आहे’ किंवा ‘पुढे खड्डा आहे’. पुढे खड्डा होता, म्हणून मी गप्प बसले.

पण मनात म्हटलं, बोला. काय बोलायचं ते बोलून घ्या. आजची गाडी मी निवडणार आहे, आणि तुम्हा दोघांच्या नाकावर टिच्चून निवडणार आहे. आमची जुनी गाडी चढ आला की खाटेवरून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखे आवाज काढायला लागली होती, आणि नव्या गाडीचं बुकिंग केल्याशिवाय आज घरी परतायचं नाही असं ठरलं होतं.

आता मुळातली अडचण सांगते, म्हणजे माझा संताप कुठून येतो ते कळेल.

यांच्याकडे लायसन्स आहे. फोटोसुद्धा छान आला आहे. पण आमची पहिली गाडी आली त्या दिवशी यांनी ती फाटकातून बाहेर काढली, म्हणजे फाटकासकट बाहेर काढली, आणि त्यानंतर आजतागायत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गाडी दारात उभी, ती हलवायला कोणी नाही, म्हणून मी शिकले. घरामागच्या मोकळ्या मैदानात, माहितीपुस्तिका मांडीवर ठेवून, माझी मीच.

या विषयावर घरात कुणी बोलत नाही. थंडीत यांची मान आखडलेली असते. उन्हाळ्यात डोळ्यांवर तिरीप येते. पावसाळ्यात काच धुरकट होते. आणि उरलेल्या दिवसांत यांना नेमका महत्त्वाचा फोन येणार असतो. भावजींना सगळं माहीत आहे. आमच्या मुलीला माहीत आहे. फाटक दुरुस्त करणाऱ्याला तर नक्कीच माहीत आहे.

आणि गंमत अशी, की गाड्यांविषयी यांच्याइतकं जाणणारा माणूस पंचक्रोशीत नाही. नुसत्या हॉर्नवरून मॉडेल ओळखतात. गाडीवेड्या मंडळींचा एक ग्रुप आहे फोनवर, तिथे यांना ‘उस्ताद’ म्हणतात. कुणी गाडी घ्यायची म्हटलं की आधी उस्तादांना विचारायचं. यांच्या ऑफिसातली निम्मी माणसं यांच्या सल्ल्याने घेतलेल्या गाड्या चालवतात. हे त्यांना कोपऱ्यावरून कसं वळावं तेही समजावून सांगतात, आणि मग मी घ्यायला येईपर्यंत फाटकाशी उभे राहतात.

तर अशा माणसाच्या बायकोने काय करावं? माझी उंची बेताची. हल्लीच्या या मोठमोठ्या गाड्यांत बसलं की मला बॉनेट दिसतं, आकाश दिसतं, मधला रस्ता दिसत नाही. घरात आम्ही दोघंच. मुलगी नोकरीसाठी लांब. आणि हे दोघे भाऊ बघत होते सात सीटच्या गाड्या. उरलेली पाच माणसं कुठून आणायची हे कुणी ठरवलं नव्हतं. ती गाडी अरुंद गल्लीतून रोज काढणार कोण? मी. मागे घेताना लोकांची बोलणी खाणार कोण? मी. पण ‘चालवणार मी आहे’ असं चारचौघांत म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच, ‘का? हे नाही चालवत?’ मग उस्तादांचं काय राहिलं? एका माणसाकडे मिरवायला एकच गोष्ट असावी आणि ती त्याच्या बायकोनेच हिसकावून घ्यावी, हे काही मला जमलं नाही.

म्हणून मी ठरवलं होतं, गोडीगुलाबीने दोघांना छोट्या गाडीकडे वळवायचं.

सकाळी पहिल्यांदा ढालवाल्यांकडे गेलो. आमच्या घरात कंपन्यांना त्यांच्या बिल्ल्यावरून ओळखतात. भावजी ढालवाले. म्हणजे त्यांच्या गाडीवर ढाल, किल्लीवर ढाल, टोपीवरही ढाल. हे होडीवाले. दोघांचं या विषयावरून इतकं वाजतं, की सासूबाई होत्या तेव्हा जेवताना त्यांना समोरासमोर बसू देत नसत. ढालवाल्यांची गाडी भावजींनीच चालवून दाखवली, जणू त्यांच्या कारखान्यात बनली होती. “दार लावून बघ दादा. आवाज ऐकलास? याला म्हणतात दार.”

“दार चांगलं आहे,” हे म्हणाले. “गाडी कुठे आहे?”

मग भावजी रुसले. रुसलेल्या भावजींना घेऊन आम्ही होडीवाल्यांच्या शोरूममध्ये शिरलो. दारातच त्यांनी जाहीर केलं, “मी बघायला आलोय. होडीच्या स्टिअरिंगला माझा हात लागणार नाही.” आणि खरोखरच दोन्ही हात खिशात घातले.

तिथला सेल्समन चांगला पोक्त माणूस होता. वाटलं, याला तरी समज असेल. तो यांच्याशी इंजिनाच्या ताकदीवर बोलला, भावजींशी चाकांच्या रुंदीवर बोलला, आणि मग माझ्याकडे वळून प्रसन्न हसला.

“मॅडम, तुमच्यासाठी इथे आरसा आहे. दिवा लागतो त्याला.”

मी म्हटलं, “बॉनेट किती उंच आहे?”

“सहा रंगांत येते,” तो म्हणाला.

कोपऱ्यात एक छोटी गाडी उभी होती. मी मुकाट्याने तिच्यात जाऊन बसले. पाय पोचले. समोरची फरशी दिसली. फरशीवर पडलेलं चॉकलेटचं वेष्टणसुद्धा दिसलं. मला इतकं बरं वाटलं, की तिथेच डोळा लागला असता. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

“ती नवशिक्यांसाठी आहे मॅडम,” सेल्समन म्हणाला. “तुम्ही मोठ्या गाडीची तिसरी रांग बघा. ऐसपैस आहे.”

“बघा वहिनी, बघा,” भावजी म्हणाले. “तेवढंच तुमचं मत होईल.”

माझं मत. तिसऱ्या रांगेबद्दल. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी बॉनेटखाली डोकं घातलं होतं, बाहेर नुसती पाठ होती. त्या पाठीशी काय भांडणार? म्हटलं, चला, तिथूनही वाईटच दिसतं हे सांगायला तरी मिळेल. सेल्समनने मधली सीट दुमडली, मी वाकून, रांगून, पदर सावरत आत गेले, आणि त्याने सीट पुन्हा खाड्कन बसवली. सीट दुमडायचा दांडा पुढच्या अंगाला. मी मागच्या अंगाला. गुडघे हनुवटीला लागलेले. त्या तिसऱ्या रांगेत ऐसपैस काही असेल तर ते फक्त जाहिरातीतल्या चित्रात होतं.

“झालं बघून,” मी म्हणाले. “काढा आता.”

तोवर भावजी मधल्या सीटवर येऊन बसले होते. एकदा बसले की भावजी सहजी उठत नाहीत. “आता चक्कर मारूनच उतरा वहिनी. परत कुठे चढउतार करता?”

आणि गाडी सुरू झाली.

इथे माझी पंचाईत झाली. कारण टेस्ट ड्राइव्हची आमची एक ठरलेली रीत आहे. हे उदारपणे म्हणतात, “हिला चालवू द्या, हिलाही सवय व्हायला हवी.” मग मी चालवते आणि हे शेजारी बसून गिअरबॉक्सवर बोलतात. कुणाला काही कळत नाही. पण आज मी पार शेपटाकडे कोंबलेली. भावजींचे हात खिशात. आणि सेल्समन सांगत होता, “मागच्या रस्त्यावर नेतो सर, मग तुम्ही घ्या.”

“तुम्हीच चालवा,” हे म्हणाले. “मला इंजिन ऐकायचंय.”

सेल्समन भारावला. मान तिरपी करून यांनी इंजिन ऐकलं. मग ब्रेक ऐकले. मग एसी ऐकला. ऐकण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा शोरूममागच्या वर्कशॉपच्या फाटकातच गाडी थांबवून सेल्समन खाली उतरला आणि यांच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. “या सर.”

हे उतरले. गाडीला पुढून वळसा घातला. त्या वळशाला इतका वेळ लागला, की मला वाटलं हे तसेच घरी चालत निघाले. पण आले आणि स्टिअरिंगमागे बसले. सेल्समन शेजारी बसला.

“अहो,” मी मागून म्हणाले, “मला जरा उतरायचंय.”

“वहिनी, दोन मिनिटं,” भावजी म्हणाले. त्यांचाही आवाज जरा पातळ झाला होता. इतक्या उशिरा का होईना, त्यांना फाटक दिसलं होतं.

त्यांनी खिशातला एक हात अर्धा बाहेरही काढला. दादासाठी होडीला हात लावावा का, याचा विचार चालला असावा. पण कंपनीनिष्ठा जिंकली आणि हात परत आत गेला.

तेवढ्यात समोरून हॉर्न. एक पांढरी गाडी सर्व्हिसिंगसाठी आत येऊ पाहत होती आणि आम्ही फाटक अडवून उभे. तिच्यातून कोण उतरावं? दातांचे डॉक्टर. ग्रुपमधले यांचे सर्वांत मोठे भक्त. पांढरी गाडी यांच्याच सल्ल्याने घेतलेली.

“उस्ताद, तुम्ही? स्वतः? टेस्ट ड्राइव्ह?” त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला. “थांबा, थांबा. ग्रुपवर लाइव्ह दाखवतो. मंडळी, उस्ताद गाडी काढताहेत बघा.”

डॉक्टरांच्या मागे आणखी एक गाडी आली. तिच्यामागे टेम्पो. वर्कशॉपमधले दोन-तीन जण हात पुसत बघायला आले.

हे सीट जुळवायला लागले. बटण दाबून सीट पुढे घेतली. आणखी पुढे घेतली. मी मनात म्हटलं, जुळवा, संध्याकाळपर्यंत जुळवत बसा. सीट एवढी पुढे गेली की यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

“सर, तुमच्या उंचीला इतकी पुढे नको,” सेल्समन म्हणाला.

यांनी खांदे पाडले, मान आत ओढून घेतली, कासवासारखे खाली खाली गेले आणि काचेतून समोर बघत राहिले. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मला वाटलं, झालं, इतकी वर्षं खोटी सांगितलेली मान आज खरीच आखडली.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. ती सीट माझी होती. मी बसते तिथे, मी बसते तेवढ्याच उंचीवर हे बसले होते, आणि मला काय दिसेल ते बघत होते.

माझा राग असा अध्येमध्ये कुणी पळवला की मला फार राग येतो.

टेम्पोवाल्याने हॉर्नवर कोपर ठेवून दिलं. सेल्समन आता घाबरला होता. तो वळून, भावजींच्या खांद्यावरून, थेट माझ्याशी बोलला. दिवसभरात पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं त्याने. “मॅडम, सर रोज चालवतात ना गाडी?”

बघा. सकाळपासून ज्याची वाट बघत होते तो प्रश्न आयता समोर आलेला. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. एक अक्षर जास्त नको.

“चालवतात की,” मी म्हणाले. “आज जरा मान...”

“मान,” भावजी घाईघाईने म्हणाले. “कालपासून.”

आम्हा दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं ते हे असं.

“ही गाडी नको,” पुढून आवाज आला.

भावजींचा चेहरा उजळला. दोन्ही हात खिशातून बाहेर आले. “मी काय सांगत होतो? चला, ढालवाल्यांकडे चला.”

“ढालही नको. या आकाराची कुठलीच नको.”

डॉक्टर फोनसकट खिडकीला चिकटले. “कारण सांगा उस्ताद, मंडळी ऐकताहेत. गिअरबॉक्स ना? मला वाटलंच होतं.”

“गिअरबॉक्स उत्तम आहे. बॉनेट उंच आहे. हिला समोरचं दिसत नाही.”

“कुणाला?”

“माझ्या बायकोला. ती काय, मागे बसलीये.”

डॉक्टरांनी वाकून आत पाहिलं. फोननेही पाहिलं. मी हात हलवला. त्या अवस्थेत तेवढंच हलवता येत होतं.

“पण उस्ताद,” डॉक्टर अगदी निरागसपणे म्हणाले, “वहिनींना समोरचं दिसून करायचंय काय?”

भावजी खोकले. मी डोळे मिटून घेतले. टेम्पोवाल्यानेसुद्धा नेमकं तेव्हाच कोपर उचललं.

यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

“गाडी ती चालवते,” हे म्हणाले. “मला येत नाही.”