बिनसाच्याचा घुमट

"बाबू, टोपली नोको आनू. तुह्या त्या घुमटांतला एक दे. तुह्या मामाले ते लय आवडे."

दुधराममामाच्या दहाव्याच्या आदल्या सांजेला धुरपतामामी असं म्हणाल्या, तेव्हा केवलरामला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि त्या बाबतीत केवलराम जन्मापासून मागे होता. त्याने मान हलवली. मामींनी ती होकाराची मानली.

त्या भागातली रीत अशी, की माणूस गेल्यावर दहाव्याच्या आदल्या सांजेला त्याच्या खोलीत तांदळाच्या पिठाचा पातळ थर पसरायचा, मधोमध दिवा लावायचा, त्यावर बांबूची कोरी टोपली पालथी घालायची आणि दार लोटून घ्यायचं. पहाटे टोपली उचलली की पिठावर ज्याची पावलं दिसतील, त्या जन्माला जीव गेला. बहुधा ती उंदराची असतात. गावातली जाणती माणसं मोठ्या मनाने ती पाखराची ठरवतात.

दुधराममामा गावातलं एकमेव माणूस होतं, ज्याला केवलरामचं काम हे काम वाटत असे. लढाईच्या दिवसांत गोऱ्या साहेबांनी बिरसी गावाला विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. साहेब गेले, विमानं गेली, आणि काही वर्षांनी तिथल्या भंगारातून मामाने पारदर्शक, जाड पत्र्यांचा एक गठ्ठा काच समजून बंडीत घालून आणला. ती काच नव्हती. प्लास्टिक होतं. मामी ज्या भट्टीवर, म्हणजे भाडावर, मुरमुरे फोडत, तिच्या तापल्या रेतीवर एक पत्रा ठेवला, तर तो ओल्या पापडासारखा लवला. त्या दिवसापासून मामाकडे पाहुणा आलेला केवलराम गोंदियाच्या आपल्या घरी परतलाच नाही.

साचा घडवायला लोहार हवा, आणि लोहाराशी बोलावं लागतं. केवलरामने साच्याविना काम चालवलं. तापलेला पत्रा तो एका फळीवर ठेवी, वरून पिंपाचं लोखंडी कडं दाबून धरी, आणि फळीच्या भोकातून मामा सायकलच्या पंपाने हवा भरत असे. पत्रा हळूहळू वर उठे. त्याला कोणी हात लावत नसे, कोणी आकार सांगत नसे. नुसत्या श्वासाने एक घुमट आकाराला येई, पाण्याच्या बुडबुड्यासारखा नितळ, आणि थंड झाला की तसाच राही. तो पाहताना केवलरामच्या मनात दरवेळी एक उदास आनंद दाटून येत असे: आपल्यालाही जगाने असंच, बोट न लावता घडवलं असतं तर किती बरं झालं असतं.

मामाचे थोरले भाऊ बकाराम यांना या विचारांची कल्पना नव्हती. केवलराम ज्यात काम करी, तो गोठा त्यांना हवा होता. मामा गेल्यावर तिसऱ्याच दिवशी ते म्हणाले होते, "पोरा, दहावा झाला का गोठा खाली कर. मी नवी बैलजोडी आनून राहिलो. तू जा गोंद्याले, बापाच्या दुकानात बस. गिऱ्हाइकासंग बोलशील तं माणसात येशील."

केवलरामचे वडील चुन्नीलाल यांचं गोंदियाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलावं लागे, तेही दोन भाषांत. 

तर, दुधराममामाच्या खोलीत पीठ पसरलं गेलं. दिवा लागला. हवेसाठी तीन खड्यांवर घुमट टेकवला आणि दार लोटलं. अंगणात भावकी बसली.

टोपलीचा मोठा गुण हा, की तिच्यातून काही दिसत नाही. घुमटातून सगळं दिसत होतं. त्यामुळे दाराच्या फटीशी आधी पोरंसोरं जमली, मग त्यांना हाकलायला आलेली बायामाणसं थांबली, आणि शेवटी मनिराम आले. मनिराम भावकीतले वडीलधारे, पिठावरची पावलं वाचणारे. त्यांनी डोळा फटीला लावला तो काढलाच नाही.

"काय दिसून राहिलं, मनिरामबुवा?" बकारामांनी मागून विचारलं.

"चूप."

"काऊन?"

"मान हालवून राहिला."

"कोन?"

 मनिराम बाजूला झाले आणि बकारामांनी डोळा लावला. आत, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, घुमटाचा माथा खरोखर झुकत होता. कोणी खांदे पाडून बसावं तशी त्याची एक बाजू खचली. मग दुसरी बाजू वर आली, कुशीवर वळल्यासारखी. कण्हल्यागत एक बारीक आवाज आला. संपूर्ण आकार हळूच खाली वाकला, दिव्यावर आला, आणि खोलीत अंधार झाला.

"आला रे बाप्पा, दुधराम आला!" मनिराम ओरडले.

अंगण क्षणात रिकामं झालं. बकाराम बंडीवर चढून उभे राहिले, जणू मेलेल्या माणसांना बंडीवर चढता येत नाही.

केवलराम तुळशीपाशी उभा होता. त्याला काय झालं ते ठाऊक होतं. मागे एकदा त्याने केलेला कटोरा चुलीजवळ राहिला होता. सकाळी तिथे कटोरा नव्हता, सपाट पत्रा होता. हे प्लास्टिक किती वाकवा, फुगवा, वळवा, ताप मिळाला की ते आपल्या मूळ रूपाला परत जाई. मामा हसून म्हणाला होता, "हे तं आपल्या बाईवानी हाय. कितीबी समजाव, माहेराची वाट सोडत नाही." ही गोष्ट दोघांनी कोणाला सांगितली नव्हती. ऊब लागताच मोडणारी वस्तू कोण विकत घेणार?

पहाटे दार उघडलं. पिठावर सपाट पत्रा पडला होता. घुमटाची कड सरकत गेली होती, तिथे पिठात लांब वळणदार ओरखडे उठले होते. मनिरामांनी ते बराच वेळ न्याहाळले.

"पाखरू नाही. ढोर नाही. नागबी नाही," ते म्हणाले. "मानूस होय. हा रातभर इथं लोळला."

"मंग गती नाही भेटली म्हना," बकारामांनी पटकन सूत्र हाती घेतलं. "कायनं भेटंल? जीव यायले आला आन वर पलास्टिक! गुदमरला असंल बिचारा. हे सारं आजच तळ्यात फेका. गोठाबी धुऊन घेतो मी."

धुरपतामामी जेठासमोर, म्हणजे बकारामांसमोर, बोलत नसत. पदर नाकापर्यंत ओढून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी भिंतीलाच विचारलं, "केवल, विचार त्याईले, तो खरंच गुदमरला असंल का गा?"

बकाराम दोन हातांच्या अंतरावर उभे होते. केवलरामने विचारलं नाही. मामींचा आवाज ऐकून त्याच्या आत काहीतरी लवलं. खरं सांगितलं तर धंदा बुडतो; न सांगितलं तर मामी जन्मभर मामाला गुदमरवल्याचं ओझं वाहतील. त्याने घसा साफ केला. लोक वळून पाहू लागले, कारण त्याच्या घशाचा आवाज बहुतेकांनी प्रथमच ऐकला होता.

"मामा नोहोय," तो म्हणाला. "ते प्लास्टिक होय. तापलं का सपाट होते. त्याचा गुणच तो. चला, दाखवतो."

त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण होतं.

गोठ्यामागच्या भाडात त्याने लाकडं सारली. रेती तापली. भर उन्हात, सगळ्या भावकीदेखत, त्याने दुसरा घुमट रेतीवर ठेवला आणि मागे सरला. थोड्या वेळाने घुमट शहारला. त्याची मान कलली, खांदा पडला, आणि तो कण्हत कण्हत रेतीवर आडवा झाला.

"पाहा," केवलराम म्हणाला.

लोकांनी पाहिलं होतं. कोणीच हललं नाही. मग मनिरामांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"रातच्याले आला तं आला," ते दबल्या स्वरात म्हणाले, "आता दिवसाढवळ्या येऊन राहिला."

"बुवा, तसं नाही, ऊब..."

"ऊब तं जिवालेच असते, लेकरा."

 सत्य सांगूनही माणूस एकटा पडू शकतो, हे केवलरामला नुकतंच कळलं होतं, आणि त्याची चव राखेसारखी होती.

बकाराम मात्र विचारात पडले होते. ते भित्रे होते, मूर्ख नव्हते. एक घुमट झुकला, दुसरा झुकला. तिसराही झुकणारच. ते हात जोडून पुढे आले.

"भाऊ आलाच हाय तं त्यालेच विचारू. सारी भावकी पाहून राहिली. दुधराम, गोठा खाली कराचा असंल तं वाक! नसंल कराचा, तं उभा राय. पोरा, ठेव आनखीन एक."

 हा कौल नव्हता, ही फाशी होती. उत्तर केवलरामला आधीच ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं तो नुकताच चारचौघांत सांगून बसला होता. त्याने उरलेला शेवटचा घुमट आणला. तो सर्वांत मोठा होता. मामाने आजारी पडण्याआधी दम खात खात पंप मारून तो फुगवला होता. तो रेतीवर ठेवताना त्याला वाटलं, आपण कोणालातरी दुसऱ्यांदा निरोप देतो आहोत.

"केवल," पदराआडून मामी म्हणाल्या, "सांग त्याईले, थोडे मांगं सरा म्हना. इतक्या गर्दीत तो जितेपनीबी बोलत नव्हता."

बकाराम चार पावलं मागे सरले. मामी भाडाच्या तोंडाशी गेल्या, सगळ्यांकडे पाठ करून वाकल्या, काहीतरी हलवलं आणि पुन्हा भिंतीशी येऊन बसल्या. केवलरामने ते पाहिलं आणि त्याचा श्वास मोकळा झाला. लाकडं बाहेर ओढून आग कमी केली मामींनी! त्यांना पटलं होतं. साऱ्या गावात एका माणसाला त्याचं बोलणं पटलं होतं.

घुमट उभाच राहिला. त्याच्या नितळ पाठीवर आभाळ, गोठ्याचं छप्पर आणि भावकीची वेडीवाकडी तोंडं दिसत होती. सावली सरकली. माश्या येऊन गेल्या. घुमट ढिम्म.

"वाक ना भाऊ," बकाराम हळूच म्हणाले.

कोणीतरी खोकलं.

"लाजू नोको. घरचेच लोक होत."

घुमट लाजला नाही आणि वाकलाही नाही. उन्हाने बकारामांच्या मानेवरून घाम ओघळू लागला. तिकडे दहाव्याचं वरण-भात निवत होतं. एकेक जण उठू लागला. शेवटी मनिरामांनी पागोटं डोक्यावर चढवलं.

"झाला कौल. बकाराम, बैल वसरीत बांध."

"तो लहान होता तवापासून असाच," बकाराम तोंडातल्या तोंडात पुटपुटले. "मायनं एक म्हटलं का हा दुसरं." आणि ते जेवायला गेले. त्या दिवशी ते पोटभर जेवले, सगळेच जेवले. भूत येऊन, आपलं म्हणणं मांडून, रीतसर गेलं होतं. गावाला त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

अंगण रिकामं झाल्यावर केवलराम मामींजवळ बसला. आज दुसऱ्यांदा त्याने आपणहून तोंड उघडलं.

"मामी, तुमी आग ओढली. लय उपकार झाले."

धुरपतामामींनी पदर मागे सारला.

"आग? मी कायले ओढू?"

"मंग तुमी वाकल्या तवा...?"

"दोन लाकडं आनखीन सारली मी. तो कमी आचेवर उत्तर देईल का नाही, कोन जाने. मलेबी पाहाचं होतं, तो काय म्हनते." त्यांनी डोळे पुसले. त्या हसत होत्या. "गुदमरला नाही ना गा. चांगला बसला होता."

केवलराम उठून भाडापाशी गेला. लाकडं लालभडक होती. तो स्वतःशीच म्हणाला, रेती वरून निवली असेल, वारा असेल, मोठ्या घुमटाचा पत्रा जाड असेल. मग त्याने बोट रेतीत खुपसलं, आणि ओरडून तोंडात घातलं. बोटावर टचकन फोड आला. तोच हात अंगरख्यात गुंडाळून त्याने घुमट उचलला. घुमट नुसता कोमट होता, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणासारखा.

त्या रात्री सगळं गाव शांत झोपलं. भूत नाही असं ज्याने एकट्याने सांगितलं होतं, तो एकटा जागा राहिला.

सकाळी काम होतं. गोठा आता त्याचाच होता. केवलराम दाराशी आला. कडी काढली, पण आत पाऊल टाकलं नाही. त्याने मागे वळून कोणी ऐकत नाही याची खात्री केली, जोडे काढले, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मामा, येऊ का?"

आतून काही आवाज आला नाही. घाई नव्हती. तो उंबऱ्याबाहेर बसून राहिला, आणि जरा वेळाने पुन्हा विचारलं.