काटेकोरांची स्वच्छ इमेज
सोमवारी सकाळी नऊ वाजता काटेकोरांनी ऑफिसातली सगळी नोटबुकं एका दमात बंद केली, आपली नवीकोरी इमेज लावून दिली आणि समाधानाने चहाचा घोट घेतला. त्या दिवशीचा तो शेवटचा निवांत घोट, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

काटेकोर हे अर्थातच लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. ऑफिसातली दहा-बारा माणसं दिवसभर दवाखान्यांची आकडेवारी चिवडत बसत. त्यांच्या नोटबुकांना, म्हणजे संगणकावरच्या आकडेमोडीच्या वह्यांना, लागणारी सगळी साधनं एका कंटेनर इमेजमध्ये बांधून देणं हे काटेकोरांचं काम. इमेज म्हणजे मूळ साचा. त्याची एकेक प्रत प्रत्येकाला मिळायची, आणि ज्याने त्याने आपापल्या प्रतीत काम करायचं. साच्यात नवं काही हवं असेल तर तीन पानी अर्ज भरायचा. गेल्या पाच महिन्यांत एकही अर्ज आला नव्हता. काटेकोर अभिमानाने सांगत, "कुणाला काही कमीच पडत नाही!"

शेवटचा अर्ज त्यांच्या बायकोचा होता. ती त्याच ऑफिसात, दोन टेबलं सोडून बसायची. अर्ज त्यांनी नामंजूर केला. घरच्या माणसाला सवलत दिली तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांचं म्हणणं. बायको नुसतं "बरं" म्हणाली. वाद न घालता म्हटलेलं "बरं" किती महागात पडतं, हे एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तरी नवऱ्याला कळायला हवं होतं.

सव्वादहाला नकाशे करणाऱ्या बाई धावत आल्या. "अहो, माझे नकाशे गेले!"

"नकाशाचं साधन इमेजमध्ये नाहीच मुळी. तुम्ही काढत कशावर होतात?"

बाईंनी जीभ चावली. "म्हणजे... माझ्या प्रतीत मी हातानंच टाकून घेतलं होतं."

"कधी?"

"नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मग एकेक जण कबुलीजबाबाला येऊ लागला. सगळ्यांनीच हातानं काही ना काही टाकलं होतं. पण प्रत बंद झाली की असं वरून टाकलेलं पुसलं जातं, म्हणून पाच महिने कुणी प्रत बंदच केली नव्हती. म्हाताऱ्या गणितज्ञांनी तर स्क्रीनवर चिठ्ठी डकवली होती: 'कृपया हात लावू नये.' काटेकोरांची ती परिपूर्ण इमेज जशीच्या तशी एकही माणूस वापरत नव्हता.

शेवटी बायको आली. "माझंही उघडत नाहीये," ती शांतपणे म्हणाली.

"तूसुद्धा?"

"तू अर्ज नाकारलास ना, त्याच संध्याकाळी."

काटेकोरांच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा वाजता ती मोठ्या साहेबांसमोर पुढच्या वर्षीच्या रुग्णसंख्येचा अंदाज मांडणार होती. तो पटला तर गटप्रमुखाची जागा तिची. आठ वर्षं वाट बघितली होती तिनं. आणि जुनी इमेज परत लावूनही उपयोग नव्हता. जे साच्यात कधी नव्हतंच, ते परत येणार कुठून?

"कोणती आवृत्ती होती तुझी? लवकर सांग!"

"मला काय माहीत? मी 'टाक' म्हटलं, ते पडलं."

काटेकोर नवी इमेज बांधायला बसले. बायकोच्या साधनाला एका जोडसाधनाची जुनी आवृत्ती लागे, नकाशेवाल्या बाईंच्या साधनाला त्याचीच नवी. एकाची समजूत काढावी तर दुसरं रुसे. कसंबसं जमवलं, तर संगणक इमेज बांधायलाच तयार नाही: अर्ज क्रमांक द्या! हे कुलूप त्यांनी स्वतःच्याच हातांनी बसवलं होतं.

त्यांनी बायकोचा जुना अर्ज उघडला. नामंजूर झाल्यावर त्यातला कारणाचा रकाना नियमाप्रमाणे कोरा झाला होता. 'गरजेचं कारण, किमान शंभर शब्द.' वीस शब्दांत कारण संपलं. उरलेल्या ऐंशी शब्दांत त्यांनी ती किती हुशार आहे, किती कष्ट करते आणि तिला नाही म्हणणारा माणूस किती मूर्ख आहे, हे लिहून टाकलं. सगळं मनापासून होतं. मग 'मंजूर' दाबलं.

इमेज सरकत सरकत नव्व्याण्णव टक्क्यांवर आली आणि तिथेच बसली. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. काटेकोर उठले आणि सरळ बैठकीच्या खोलीकडे पळाले. नियम गेले खड्ड्यात, तिचं नुकसान होता कामा नये.

"साहेब, चूक माझी आहे! तिची अजिबात नाही!"

सगळ्यांनी वळून बघितलं. पडद्यावर बायकोचे आलेख झळकत होते, एकाहून एक सुबक.

"कसली चूक?" साहेब म्हणाले. "बसा हो. छान सांगताहेत या."

काटेकोर खुर्चीच्या कडेवर टेकले. अर्ध्या तासाने साहेबांनी तिचं अभिनंदन केलं. जागा तिला मिळाली, तेव्हा टाळ्या सगळ्यात जोरात काटेकोरांनीच वाजवल्या.

बाहेर येताच त्यांनी तिला गाठलं. "हे आलेख आले कुठून?"

"रविवारी चित्रं काढून ठेवली होती. तू दिवसभर खुशीत होतास. तू असा खुशीत दिसलास की मी सगळ्याची प्रत काढून ठेवते."

"अगं, मग सकाळीच सांगायचंस ना! जीव अर्धा झाला माझा."

बायकोनं मोबाइल पुढे केला. मंजूर झालेला अर्ज नियमाप्रमाणे अर्जदाराकडे येऊन पोचला होता.

"सकाळीच सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर हे शंभर शब्द लिहिले असतेस?"