मुका अंगठा

माणूस भेटला की आपण नमस्कार करतो. आमच्या गल्लीतले दत्तूमामा त्याचा अंगठा धरतात. उजेडाकडं वळवतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, "बोलतोय." नाहीतर, "मुका हाय."

बोलका म्हणजे ज्याचा ठसा मशीनवर उठतो तो. मुका म्हणजे कामानं झिजून गुळगुळीत झालेला. मामांची उभी हयात गुळाच्या अडतीवर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, अंगठ्यानं दाबून बघण्यात गेली. काम सुटलं, तरी हात स्वस्थ बसेना. त्यातच रेशन कार्डासाठी अंगठा द्यायची सक्ती आली. अंगठा उठला नाही तर कार्डातलं नाव जायचं, आणि नाव गेलं की सरकारी योजनेतले मोफत उपचारही जायचे. मामांना आयतं काम मिळालं. ते गवंड्यांना, हमालांना हाताला धरून केंद्रावर नेऊ लागले.

पुढं पुढं हे फारच वाढलं. माझ्या पुतणीला बघायला कागलहून पाहुणे आले होते. पोह्यांच्या बश्या फिरत असताना मामांनी मुलाच्या वडिलांना खिडकीशी नेलं. "पावणं, मुका हाय तुमचा. उद्या आजारी पडलासा तर आमच्या पोरीनं कुठं पळायचं?" पाहुण्यांनी हात खिशात लपवला. तरीही सोयरीक जमली, हे पुतणीचं नशीब. मी शाळामास्तर. माझा अंगठा मामांनी एकदाच बघितला आणि सोडून दिला. म्हणाले, "लखलखीत हाय. कायबी काम क्येलं न्हाईसा."

शांताक्काचा अंगठा मात्र त्यांनी सोडला नाही. अक्का आमच्याकडं आणि आणखी दोन घरी भांडी घासते. एकटी बाई. गेल्या वर्षी जिना चढताना तिला धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. योजनेत ते फुकट होणार होतं, पण कार्डाची पडताळणी झाली तर. अक्काचा अंगठा उठेना. मोबाईल आधारला जोडलेला नव्हता, आणि मोतीबिंदूमुळं डोळ्यांच्या मशीनपुढंही डाळ शिजेना.

मामांनी फर्मान काढलं. भांड्याला हात लावायचा नाही, अंगठ्याला रोज खोबरेल चोळायचं, कातडी परत येते. अक्का म्हणाली, कातडी येईपर्यंत हातातली घरं जातील, मग खाऊ काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मामा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला.

"भांडी कुठं हायती?"

माझी बायको संकोचानं अर्धी झाली. आम्हीच घासतो म्हणाली. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार दिस घासशीला, पाचव्या दिशी दुसरी बाई बघशीला." बायकोनं मोरीकडं बोट दाखवलं.

मग रोजच मोरीतून मामांचा आवाज येऊ लागला. दूध करपवल्याबद्दल ते बायकोला झापत. ती बिचारी कमी भांड्यांत स्वयंपाक उरकू लागली. तिन्ही घरं आटोपली की मामा अक्काच्या दारात जाऊन अंगठा तपासत. एकदा ती घरचा तवा घासताना सापडली. मामा तवाच उचलून घेऊन गेले.

पहिल्या खेपेला मशीननं नकारच दिला. त्या दिवशी मामांनी करपलेलं पातेलंही न झापता घासून ठेवलं. पुढच्या खेपेला मात्र ठसा उठला. योजनेतून मंजुरी आली, ऑपरेशन झालं, अक्का वाचली. ती पुरती सावरेपर्यंत तिन्ही घरची भांडी मामांकडंच होती.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अक्का पुन्हा कामावर आली. त्याच सकाळी मामाही आले. बायको म्हणाली, "मामा, आता अक्का येते की."

"ठावं हाय," मामा म्हणाले. त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परगावी. "आमच्यात घासायला एकच ताट असतंय, वैनी. बसायच्या आधीच संपतंय."

मला फार वाईट वाटलं. अक्का मोरीत कढई घासत होती. मान वर न करताच तिनं आपला पाट सरकवला आणि शेजारी दुसरा मांडला.

"या," ती म्हणाली. "घासल्यावर इसळायला कोण तरी पायजेच की."