वानखडे बाई आणि एका दिवसात वाळणारा चिखल

ऊन पडलं की वानखडे बाईंना संताप यायचा. खऱ्या उन्हाचं त्यांना काही नव्हतं. यवतमाळकडच्या बाई त्या, पुण्याच्या उन्हाला ऊनच मानत नसत. त्यांचा राग कॉम्प्युटरमधल्या उन्हावर होता.

कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी होती. परदेशी गिऱ्हाइकांसाठी आम्ही युद्धाचे खेळ बनवायचो. बुद्धिबळासारखी आधी एकाची चाल, मग दुसऱ्याची. एक चाल म्हणजे एक दिवस. पाऊस पडला की जमिनीचा चिखल व्हायचा, गाड्या अडकायच्या. हा हवामानाचा भाग मी लिहिला होता. त्यातल्या चुका शोधणं हे बाईंचं काम. पण त्या चुका शोधत नसत, गुन्हेगार शोधत.

"जोशी! काल धो धो पाऊस, आज ऊन, अन् जमीन खडखडीत? काऊन? खालून शेगडी लावली का बाप्पा?"

"अहो बाई, खेळ आहे तो."

"खेळ आहे म्हणून मातीनं खोटं बोलावं?"

आकाश कोरडं झालं म्हणजे जमीन कोरडी होत नाही, हे त्यांचं एकच म्हणणं. संध्याकाळी कुणी खिडकीतून बघून "थांबला, निघू या" म्हणालं, तरी त्या भडकायच्या. "वरचा थांबला. खालचं काय?" मग स्वतः खाली जाऊन छत्रीचं टोक जमिनीत खुपसून बघायच्या आणि मगच दुचाकी काढायच्या. खाली फरशी होती, तरीही.

एकदा गावाहून येताना त्यांनी डबाभर काळी माती आणली, तीत तांब्याभर पाणी ओतलं आणि डबा माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. "वाळली की सांग." बरेच दिवस माझं बोट आत रुतत होतं. आमचे साहेब, साठे, डब्याकडे बघून म्हणाले, "काय पेरलंय यात?"

"अक्कल," बाई म्हणाल्या. "उगवली नाही अजून."

खेळ पाठवायची वेळ आली तरी बाई चिखलावर अडून बसल्या, तेव्हा मात्र साठे तडकले. "गिऱ्हाइकाला लढाई हवीय, चिखल नकोय! पाऊस थांबल्यावर आणखी चार चाली कोण ताटकळत बसणार?"

"मग माझं नाव काढा यातून. मी चालले."

"पोरखेळापायी नोकरी सोडताय?"

बाई उभ्या होत्या. आवाज चढलेलाच होता. "माझ्या मायच्या पोटात दुखत होतं, साहेब. पावसानं रस्ता बंद. मग ऊन पडलं. सारे म्हणाले, आता काढा जीप, उघडलं. मीच बसवलं तिला. नाल्याच्या अलीकडे चाकं रुतली. ढकलून ढकलून हात सोलले. माय तिथंच गेली. दिवसभर ऊन होतं. लख्ख ऊन."

साठ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जोशी, बदला ते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बदललेला खेळ बाईंच्या कॉम्प्युटरवर चढवला. रणगाडे, तोफा सगळं सोडून त्यांनी एक रुग्णवाहिका निवडली. पाऊस पडला, मग ऊन पडलं. त्यांनी गाडी हलवली. ती गावाबाहेर रुतली. मी ओरड्याची वाट बघत होतो.

"हां. आता बरोबर रुतली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डाव नव्याने मांडला.

या वेळी ऊन पडलं तरी त्यांनी गाडी गावातच ठेवली. चालीमागून चाल सोडून देत राहिल्या. शत्रू पुढे सरकत होता, त्यांची ठाणी एकेक पडत होती. त्यांचं लक्षच नव्हतं. जमीन पुरती वाळल्यावर त्यांनी गाडी काढली, नाला ओलांडला आणि शहरातल्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

डाव त्या केव्हाच हरल्या होत्या. माऊसवरचा हात त्यांनी काढला नाही.

"पोचली माय," त्या म्हणाल्या.