चूलपट्टी बसली आणि उठली, त्याची हकिकत

श्री अग्निनारायण प्रसन्न. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, संवत्सराचे नाव जोशीबुवा विसरले, ते साली एका राज्यात, ज्याचे नाव घेण्यास मनाई आहे, खजिन्याचा तळ दिसो लागला. मग महाराजांनी अमात्य विसोपंतांस आज्ञा केली की, नव्या सालाचे अंदाजपत्रक मांडावे आणि त्यात गरीब-श्रीमंत हा भेद तिळमात्र नसावा. मग पंतांनी तीन दिवस डोके खाजवून ठराव केला की, दर चुलीस रुपया पट्टी घ्यावी, न दिल्यास चूल उखडून न्यावी. आणि दिलासा म्हणून पालखीवरील कर सर्वांस सारखा माफ करावा. महाराज बहुत संतोषले आणि म्हणाले, "पंत, या समतेचा गोरगरिबांस काय गुण आला, ते जातीने पाहून या."

मग पंत पालखीत बसून परीटआळीस गेले. तेथे भिवाई परटीण आजारी नवऱ्यासाठी भाकरी थापीत होती. पंतांनी पुसिले, "बाई, माफीने सुख झाले ना?" ती म्हणाली, "लई झालं. आता तेवढी पालखी द्या, म्हंजे माफी कशावर लावायची ते कळंल." पंतांनी कागदी लिहिले, 'रयत संतुष्ट. पालखीची मागणी वाढली.' आणि रुपया मागितला. भिवाई म्हणाली, "म्हैनाभर धुणं बडवावं तवा रुपया दिसतो, पंत. वाड्यावर किती बसवला?" पंत म्हणाले, "राजवाडा म्हणजे एक घर, सबब एक चूल, सबब एक रुपया. तुझ्याइतकाच!" आणि आठ दिवसांची मुदत देऊन निघाले.

मग भिवाईने आळी जमविली आणि चाळीस घरांनी आपापल्या चुली मोडून मैदानात एकच थोरली चूल मांडिली. आठवे दिवशी पंत कुदळवाले घेऊन आले, तो उखडावयास चुलीच नाहीत. भिवाई म्हणाली, "ही एक. घ्या मोजून." पंत गरजले, "सरकारी मोजणी चोख असते!" ती म्हणाली, "मंग वाडाबी मोजा की! का तिथं डोळं मिटत्यात?" कुदळवाले फिदीफिदी हसले, ते पंतांस झोंबले आणि ते तडक वाडा मोजावयास गेले. पाच राण्यांचा आपसांत अबोला, सबब पाच चुली. राजमाता सुनांच्या हातचे खात नाहीत, त्यांची एक. मामासाहेबांच्या पथ्याची एक. शिकारी कुत्र्यांची एक. ऐशाच आणखी लहानथोर धरून एकूण एकोणीस भरल्या. महाराज ओरडले, "अख्ख्या आळीचा रुपया आणि आमचे एकोणीस? ही कसली समता?" पंत म्हणाले, "दर चुलीस सारखाच आहे, महाराज."

मग महाराजांनी काटकसरीसाठी वाड्यातही एकच चूल करविली. पहिल्याच दिवशी पाचही राण्यांनी आमटीत मीठ घातले, राजमातांनी पळी उगारली, कुत्र्यांनी आमटी हुंगून तोंड फिरविले, आणि महाराज मध्यस्थीस गेले ते कपाळी टेंगूळ घेऊन परतले. टेंगळावर मुकुट बसेना, सबब फडके बांधून दरबार भरविला आणि चूलपट्टी त्याच क्षणी रद्द केली. भिवाईने सांजेस आपली चूल पुन्हा मांडून नवऱ्यास ऊन भाकरी वाढिली.

तात्पर्य इतकेच की, गरिबाची चूल वाचली ती राण्यांच्या भांडणाने. पंतांनी दप्तरी मात्र असे लिहून ठेविले: 'अंदाजपत्रकाची पाहणी केली. वाडा आणि आळी, दोहोंस सारखाच त्रास झाला. सबब समता पूर्ण.'